भर ऑगस्टातलं देनजांग

व्याह्यांच्या पहिल्या भेटीत तोंड फक्त जेवायला उघडायचं, असं इनजाने नवऱ्याला बजावलं होतं. एकदा लिफ्टमध्ये, एकदा गाडीत आणि हॉटेलच्या दारात बूट काढता काढता पुन्हा एकदा. हाम तेशिकने दर वेळी शहाण्यासारखी मान डोलावली होती. पण काय आहे, माणूस जन्मभर मोठ्या कंपनीत खातेप्रमुख होता. खातेप्रमुखाला कोणी काही विचारलं आणि उत्तर माहीत नसलं, तर तो गप्प बसत नाही, आवाज चढवतो. निवृत्तीनंतर पगार थांबतो, ही सवय थांबत नाही.

तशी भेट झकास चालली होती. लेक दासोम मान खाली घालून बसली होती आणि होणारा जावई तिच्याहूनही खाली घालून. त्याची आई योमबाई मूळच्या सुनचांगच्या. ज्या गावचं देनजांग देशभर नावाजलेलं, ते सुनचांग. आता सोयाबीन आंबवून केलेली ती खारट, उग्र, तपकिरी चटणी कोरियातल्या कुठल्या घरात नसते? पण सुनचांगच्या माणसापुढे देनजांगचा विषय निघाला की बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं असतं. योमबाईंनी हॉटेलच्या आमटीचा एक घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"कारखान्यातलं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे घरचंच असेल, नाही का?"

इनजाने टेबलाखालून लाथ मारली. ती जावयाला लागली. त्याने दचकून सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

"विहीणबाई," तेशिक छाती काढून म्हणाला, "दुकानातल्या देनजांगने आजवर आमचा उंबरा ओलांडलेला नाही. मी स्वतः घालतो. दर ऑगस्टात, रजा टाकून."

योमबाईंचा घास तोंडातच थांबला. "ऑगस्टात?"

"भर ऑगस्टात! घाम गाळल्याशिवाय चव उतरत नाही."

"अस्सं," म्हणून योमबाईंनी घास सावकाश गिळला. "बरं झालं बाई. आमच्या घरची एक रीत आहे. सून येताना माहेरच्या देनजांगचं एक मडकं आणते. माझ्या सासूने आणलं, मी आणलं. हल्लीच्या मुलींना कुठे सांगायचं, म्हणून मी विषयच काढणार नव्हते. पण तुमच्याकडे घरचंच आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला. लग्नाआधी वसंतात येते मी, रांजण बघायला."

परतीच्या वाटेवर गाडी तेशिकच चालवत होता. घराजवळच्या सिग्नलला दासोमचा बांध फुटला. "बाबा, आपल्या घरात देनजांगचा डबा आहे. प्लॅस्टिकचा! त्याच्या झाकणावर मुदत छापलेली असते! मी त्या घरात पहिल्याच दिवशी थापाड्याची मुलगी म्हणून पाऊल टाकू का?"

सिग्नल हिरवा झाला तरी तेशिकला दिसला नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवून आकाश डोक्यावर घेतलं. एकुलती एक लेक, आणि तिच्या सासरच्या पहिल्या दिवसाची आपण एका वाक्यात वाट लावली, हे त्याला त्या हॉर्नच्या गोंगाटात नीट समजलं.

खरी परिस्थिती डब्याहूनही वाईट होती. इनजा दिवसभर दंतवैद्याच्या दवाखान्यात बसून दात दुखणाऱ्यांच्या वेळा लावायची. सगळा उमेदीचा काळ नोकरी आणि स्वयंपाक दोन्ही ओढल्यावर तिने एक दिवस मायक्रोवेव्ह घरात आणला आणि हात धुऊन टाकले. भात वाटीत शिजलेला यायचा, आमटी पिशवीत यायची, किमची घरपोच यायची. दुपारी तेशिक इमारतीखालच्या दुकानात खिडकीशी उभा राहून कागदी पेल्यातले नूडल्स ओढायचा आणि वर येऊन टीव्हीवर सकस आहाराचा कार्यक्रम बघायचा. त्यातल्या डॉक्टरांशी त्याचे मतभेदही होत.

"आता काय करायचं?" घरी आल्यावर त्याने बायकोला विचारलं.

"करायचं काय त्यात? घाला की देनजांग."

"मी?"

"मग मी? मी बोलले का, भर ऑगस्टात? अहो, रजा टाकून तुम्ही कधी माझ्या आईला भेटायला आला नाहीत, आणि म्हणे देनजांग घालतो. आता घाला. एप्रन खुंटीला आहे."

तेशिकने एप्रन बांधला. माणसाने एकदा कंबर कसली की अर्धं काम झालं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. उरलेल्या अर्ध्या कामाची सुरुवात सोयाबीन उकडण्यापासून झाली. घरचा कुकर बोलका होता. आतून एक बाई अतिशय अदबीने सूचना द्यायची. तेशिकने भाताच्या अंदाजाने कुकर गळ्यापर्यंत भरला. सोयाबीन फेसाळतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. झाकणातून फेस उसळला, ओट्यावरून उतरला, फरशीवर आला. तेशिक फडकं घेऊन धावला, घसरला आणि फ्रिजच्या पायाशी बसला. तरी आतली बाई शांतपणे सांगत होती, "स्वादिष्ट भात तयार होत आहे, कृपया थोडी वाट पाहा."

"गप्प बस गं," तेशिक म्हणाला. तिने ऐकलं नाही.

मग शिजलेलं सोयाबीन कुटायचं. उखळ कुठून आणणार? पण लहानपणी आजी ते स्वच्छ पिशवीत भरून पायांनी तुडवायची, हे त्याला आठवलं. त्याने कोरे मोजे घातले, पिशवी बैठकीच्या खोलीत पसरली आणि जोमाने तुडवायला लागला. ताल सापडल्यावर त्याला गाणंही सुचलं. कडवं संपायच्या आत दारावरची घंटी वाजली. खालच्या घरातले प्यो साहेब उभे होते.

"हाम साहेब, वर लष्कराची कवायत चालू आहे का?"

"व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलाय."

"गाण्यासकट?"

दुसऱ्या दिवशी दाराच्या मुठीला एक पिशवी लटकलेली होती. आत जाड तळाच्या मऊ सपाता, एक जोडी, आणि 'आपल्या आरोग्यासाठी' अशी चिठ्ठी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला खालच्याने सपाता पाठवणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्यालाच कळतं. तेशिकने त्या सपाता घातल्या नाहीत. अपमान पायात घालून फिरायला तो काही रस्त्यावर पडला नव्हता.

कुटलेल्या सोयाबीनच्या विटा थापल्या. ह्याच विटा, म्हणजे मेजू, भाताच्या पेंढ्याने बांधून उबदार जागी टांगायच्या. पेंढ्यातूनच चांगली बुरशी धरते. आता देजॉनसारख्या शहरात बाराव्या मजल्यावरच्या माणसाने पेंढा आणायचा कुठून? तेशिक सल्ला घ्यायला इमारतीच्या ज्येष्ठांच्या खोलीत गेला. तिथे आज्या पत्ते कुटत बसलेल्या असत.

"माझा एक मित्र आहे," त्याने सुरुवात केली. "त्याला मेजू टांगायचेत."

आज्यांनी एकमेकींकडे पाहिलं. "मित्राच्या बाह्यांना सोयाबीन लागलंय," ज्योल्ला प्रांताकडची आजी म्हणाली.

तिथून पुढे तेशिकला बोलावंच लागलं नाही. ज्योल्लाकडची आजी म्हणाली विटा चौकोनी हव्यात. क्यंगसांग प्रांताकडची म्हणाली गोल, आणि मधे भोक. पहिली म्हणाली, भोक पाडणाऱ्यांच्या देनजांगला चव असती तर त्यांनी त्यात एवढं मीठ कशाला घातलं असतं. दुसरीने पत्ते खाली टाकले. पेंढ्याचं राहूनच गेलं. तेशिक निराश होऊन खाली अंगणात आला आणि समोर बघतो तर काय, पेंढाच पेंढा! हिवाळ्यात आवारातल्या झाडांच्या बुंध्यांना पेंढ्याचे पट्टे गुंडाळतात ना, तसे ते ओळीने सगळ्या झाडांना गुंडाळलेले होते.

आपण इतकी वर्षं इथे राहतो, देखभालीचे पैसे भरतो, म्हणजे झाडाच्या कंबरेवर आपलाही थोडा हक्क आहे, असा विचार करून त्याने दोन झाडांचे पट्टे सोडवले आणि कोटाच्या आत घालून वर आणले. मेजू बांधले. कपडे वाळवायच्या दांडीला ओळीने टांगले. खोलीत ऊब ठेवली. दृश्य इतकं देखणं होतं की त्याने नोकरीच्या गावी परतलेल्या दासोमला फोटो पाठवला.

आता ते पट्टे झाडांना थंडी वाजू नये म्हणून बांधत नाहीत. झाडावरच्या किड्यांना थंडीत उबेची जागा मिळावी, सगळे त्यात गोळा व्हावेत आणि वसंताच्या आधी पट्ट्यांसकट जाळता यावेत, म्हणून बांधतात. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. तेशिकलाही ठाऊक होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही. खोलीच्या उबेत किड्यांना वाटलं वसंत आला. इनजा कामावरून आली, दिवा लावला आणि पाहते तो छतावर सुरवंटांची मिरवणूक.

तिची किंकाळी प्यो साहेबांनी ऐकली. तेवढ्यात भिंतीतला कर्णाही खरखरला. इमारतीच्या कार्यालयाला काही सांगायचं असलं की घराघरातल्या या कर्ण्यावरून सांगतात, आणि तो बंद करायचं बटण देवाने निर्माण केलेलं नाही. "रहिवाशांना नम्र सूचना. कोणीतरी दोन झाडांचे पट्टे सोडून नेले आहेत. त्यात कीड आहे. नेणाऱ्याने काळजी घ्यावी."

"काळजी घ्या," सुरवंट झाडूने गोळा करत इनजा म्हणाली. "नम्र सूचना आहे."

शेवटी क्यंगसांगच्या आजीच्या भावाने गावाहून चांगल्या पेंढ्याची पेंढी पाठवली. त्या बदल्यात प्रत्येक विटेला मधे भोक पाडावं लागलं. ज्योल्लाकडची आजी पुढे बरेच दिवस तेशिकशी बोलली नाही.

मेजू टांगून थोडे दिवस झाले आणि वास सुटला. ओल्या मोज्यांचा ढीग कोपऱ्यात विसरला तर येईल तसा. पहिल्यांदा तो घरात फिरला, मग दाराखालून बाहेर पडला, जिन्याने उतरला, लिफ्टने चढला. कर्णा पुन्हा बोलला, "सांडपाण्याच्या नळीचा वास येत असल्याची तक्रार आहे. सर्वांनी आपापली मोरी तपासावी." सगळ्यांनी तपासल्या. वास वाढला. तेव्हा रहिवासी मंडळाच्या अध्यक्षा ग्वाकबाईंनी तातडीची सभा घेतली आणि वासाचा शोध घ्यायला समिती नेमायचं ठरलं.

"अनुभवी, जबाबदार, दिवसभर मोकळा माणूस हवा," ग्वाकबाई म्हणाल्या आणि सगळ्यांच्या माना तेशिककडे वळल्या.

त्याने तोंड उघडलं ते 'नाही' म्हणायला. पण समितीचं प्रमुखपद! निवृत्तीनंतर त्याला कोणी कुठलंही प्रमुखपद दिलं नव्हतं. "सोसायटीसाठी एवढं करायलाच हवं," असे शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडले. मागच्या रांगेत इनजाने कपाळाला हात लावला.

समिती निघाली. पुढे तेशिक, मागे मास्क लावलेल्या ग्वाकबाई, त्यांच्या मागे प्यो साहेब. प्रत्येक मजल्यावर थांबायचं, हुंगायचं, माना हलवायच्या. बाराव्या मजल्यावर वासाने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे माझंच घर," तेशिक म्हणाला. "इथे काय बघायचं? चला, तेराव्यावर." प्यो साहेब दारापाशी किंचित रेंगाळले, एक दीर्घ श्वास घेतला आणि काही न बोलता वर गेले. समितीने एकमताने निष्कर्ष काढला की मुख्य नळीच फुटली असणार. ग्वाकबाईंनी तेशिकच्या सचोटीचं कौतुक केलं. त्याला ते घशाखाली उतरलं नाही, पण आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्णा म्हणाला, "मुख्य नळी उकरण्यासाठी उद्यापासून इमारतीचं पाणी बंद राहील. थंडीचे दिवस आहेत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

बाहेर बर्फ पडत होता. इनजा दवाखान्यात जायला निघाली होती. तिने हातमोजे घालता घालता नवऱ्याकडे पाहिलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, पण ती साधेपणाने म्हणाली, "खाली तान्ह्या बाळाचं घर आहे. वर त्या दोन्ही आज्या आहेत. पाणी नाही म्हणजे सगळ्यांचेच हाल. आणि अहो, हे देनजांग आपण कशासाठी घालतोय? लेकीला खोटेपणा नको म्हणूनच ना?"

तेशिक त्या दांडीखाली जाऊन उभा राहिला. विटांवर पांढरी, पिवळसर बुरशी धरली होती, अगदी हवी तशी. हे त्याच्या हातचं होतं. आयुष्यात त्याने हजार कागदांवर सह्या केल्या होत्या, पण हाताने केलेलं, वास येणारं, वाढणारं असं काही हे पहिलंच. आणि तेच तो चोरीच्या मालासारखं लपवत होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने कोट चढवला, जिन्याने खाली गेला, कार्यालयात शिरला आणि कारकुनाच्या हातातला माइक घेतला.

"मी बाराव्या मजल्यावरचा हाम तेशिक बोलतोय. वास-समितीचा प्रमुख. वास सापडला आहे." इथे त्याने घसा खाकरला, आणि तो खाकरलेला घसा इमारतीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ऐकू गेला. "तो नळीचा नाही. माझ्या मेजूचा आहे. माझ्या मुलीचं लग्न आहे, तिच्यासाठी मी देनजांग घालतोय. झाडांचे पट्टेही मीच नेले. समितीला माझ्या दारावरून पुढे मीच नेलं. मला क्षमा करा. पाणी बंद करू नका. पण मेजू मी टाकणार नाही. ते चांगले झालेत. फार चांगले झालेत."

वर येतो तो दारात गर्दी. ग्वाकबाई संतापाने लाल झाल्या होत्या. त्यांनी त्याला जिन्यातच चांगलं फैलावर घेतलं आणि समितीच्या प्रमुखपदावरून काढून टाकलं. मग त्या आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "खिडकी थोडी उघडी ठेवा, काळी बुरशी धरेल." आज्या तर आधीच आत घुसल्या होत्या. ज्योल्लाकडची आजी विटेच्या भोकातून आरपार बघून नाक मुरडत होती.

सगळ्यात शेवटी प्यो साहेब आले. "मला समितीच्या फेरीतच कळलं होतं," ते म्हणाले. "माझ्या आजोळी असाच वास यायचा. वास चालेल, हाम साहेब. फक्त नाचू नका."

तेशिकने त्या दिवसापासून सपाता घातल्या.

मग रांजण आला. तो बाल्कनीत बसेना, तेव्हा बरंच भवति न भवति होऊन मंडळाने ज्येष्ठांच्या खोलीबाहेरच्या उन्हातली जागा दिली. मिठाच्या पाण्यात अंडं सोडून बघतात. ते तरंगून वर आलं की वरचा भाग नाण्याएवढा दिसला पाहिजे. नाणं मोठं तेवढं मीठ जास्त. कुठल्या नाण्याएवढा, यावर दोन्ही आज्यांचं पुन्हा वाजलं. एकीचं नाणं छोटं, दुसरीचं मोठं, आणि ते अंडं बिचारं दोघींच्या मधे गटांगळ्या खात राहिलं. तेशिकने मोठं नाणं धरलं, कारण ते ज्योल्लाकडच्या आजीचं होतं आणि ती आधीच रुसलेली होती. मेजू सोडले, वर कोळसा आणि लाल मिरच्या टाकल्या. रांजणाला बाहेरून कागदाचा मोजा चिकटवायचा, वाईट नजर त्यात शिरून अडकावी म्हणून. तेशिकने तो सरळ चिकटवला. "उलटा!" अख्खी खोली ओरडली. आता येणारीजाणारी प्रत्येक व्यक्ती झाकण उचलून सल्ला देऊन जाऊ लागली आणि तेशिक राखणदारासारखा खुर्ची टाकून तिथे बसू लागला.

बर्फ वितळला, रांजणातलं पाणी काळंभोर झालं. ते वेगळ्या बरणीत काढलं, तो सोयाचा रस. खाली राहिलं ते कुस्करून देनजांग. त्या संध्याकाळी तेशिकने स्वतः आमटी केली. भोपळा, टोफू, हिरवी मिरची, दुसरं काही नाही. भातही कच्च्या तांदळापासून शिजवला, कुकरमधली बाई या वेळी खरं बोलली. इनजाने एक वाडगा संपवला, दुसरा घेतला, तोही पुसून खाल्ला.

"कशी झालीय?" न राहवून त्याने विचारलं.

"पिशवीतल्यापेक्षा बरी आहे," ती म्हणाली आणि वाडगा पुन्हा पुढे केला. तेशिकला कंपनीतल्या सगळ्या बढत्या मिळूनही असं वाटलं नव्हतं.

चेरीचा बहर ओसरल्यावर योमबाई आल्या. दासोम सोबत होती, चेहरा पांढराफटक. रांजणाभोवती आज्या, ग्वाकबाई, प्यो साहेब असे उभे, जणू मुलगी सगळ्यांचीच होती. योमबाईंनी उलटा मोजा बघितला, झाकण उचललं, वास घेतला, करंगळी बुडवून जिभेला लावली आणि डोळे मिटले.

"खारट आहे," त्या म्हणाल्या.

मोठ्या नाण्यावाली आजी हळूच मागे सरकली.

"कडू नाही. आंबट नाही. खारट आहे, म्हणजे टिकेल. अजून लहान आहे, पुढच्या वर्षी बोलायला लागेल." योमबाईंनी डोळे उघडले. "कोणी घातलं?"

"मी," तेशिक म्हणाला. मग त्याने दासोमकडे बघितलं आणि हात जोडले. "विहीणबाई, पण हे पहिलंच. त्या दिवशी मी जे ऑगस्टाचं बोललो, ते..."

"ऑगस्टात देनजांग घालणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता," योमबाई म्हणाल्या. "ऑगस्टात घातलं तर आत अळ्या तेवढ्या होतात. तुम्ही बोललात त्याच क्षणी कळलं मला."

आज्या खो खो हसल्या. तेशिकचे कान तापले. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"म्हटलं बघू तरी. माणूस शब्द गिळतो का रांजण घालतो." त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली बाटली काढली. "माझ्या सासूच्या आईपासूनचा रस आहे. दर वर्षी नव्यात थोडा जुना घालतो, जुन्यात थोडा नवा. बाहेर कोणाला देत नाही." आणि तो दाट काळा रस त्यांनी रांजणाशेजारच्या बरणीत, तेशिकच्या सोयाच्या रसात ओतला. खातेप्रमुखाने या वेळी आवाज चढवला नाही, कंबरेत वाकून नमस्कार केला.

मे महिन्यात लग्न झालं. देनजांगचं मडकं तेशिकने मांडीवर घेऊन सासरी पोहोचवलं, वर गाडीचा पट्टाही बांधला. योमबाईंच्या घरी सुनचांगचा सगळा गोतावळा जमला होता. एक काकू मडक्याचं झाकण उघडून, बोट चाटून म्हणाली, "अगं बाई, हे तर घरचं! हल्ली कोण घालतं? तुझ्या आईने का गं?"

दासोमने आधी सासूकडे बघितलं, मग बापाकडे. मान ताठ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही. माझ्या बाबांनी. स्वतःच्या हाताने."

"हो का? कधी घातलं?"

"भर ऑगस्टात," योमबाई म्हणाल्या, आणि त्या दोघी सासू-सुना एकमेकींना धरून इतक्या हसल्या की मडकं तेशिकलाच सांभाळावं लागलं.